राजवाड्याचा चुकीचा दरवाजा

बुद्धाच्या मूर्तीसमोरून सिस्टर उठल्या, मागे वळल्या, तर छोटी तिथं नव्हती.

राजवाड्याच्या आवारातल्या त्या देवळात बोलायला मनाई होती. जमिनीवर माणसं दाटीवाटीनं गुडघे मुडपून बसली होती, भिंती खालपासून वरपर्यंत सोनेरी चित्रांनी भरलेल्या, आणि त्या सगळ्या झगमगाटात छोटीचा निळा कुर्ता कुठंच दिसेना. सिस्टरांनी हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मनाई नसती तरी उपयोग नव्हता. छोटीला ऐकू येत नाही.

ही हकीकत मला दोघींनी वेगवेगळी सांगितली, एकीनं तोंडानं आणि दुसरीनं हातांनी, अडलं तिथं फोनवर लिहून. जिथं दोघींचं जुळत नाही, तिथं मी छोटीचं खरं धरलं आहे. सिस्टरांना स्वतःची बाजू सावरून घ्यायची सवय आहे, आणि हे त्याही नाकारत नाहीत.

सिस्टर आमच्या शेजारच्या. सरकारी इस्पितळात जन्म गेला, शेवटी ऑपरेशनच्या वॉर्डाच्या इनचार्ज होत्या. वसाहतीत कुणाचा ताप उतरेना, कुणाच्या पोराच्या नाकात मणी अडकला, की सिस्टर. लहानथोर सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात. सख्खी बहीण छोटी तेवढी म्हणत नाही. ती दोन बोटं कपाळावर टेकवते. ती नर्सच्या टोपीची खूण, म्हणजे ताई.

छोटी नीट चालायला लागायच्या आधीच एका तापात तिचे कान गेले. आई लवकर गेली, वडील त्यामागोमाग. सिस्टरांनी लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलं की म्हणायच्या, ‘‘एक मूल आहे ना मला.’’ त्या मुलानं पन्नाशी ओलांडली होती. चष्म्याच्या कारखान्यात ते काचांच्या कडा घासायचं काम करत होतं, डब्यात बटाट्याची भाजी नेत होतं आणि केस रंगवत होतं. पण डॉक्टरनं छोटीला ‘कुठं दुखतंय’ विचारलं की उत्तर सिस्टर द्यायच्या. दुकानदारानं रंग विचारला तर रंगही सिस्टरच सांगायच्या. छोटीचं बँकेचं कार्ड, छोटीच्या गोळ्या, छोटीचा पासपोर्ट, सगळं सिस्टरांच्या काळ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात.

सिस्टर निवृत्त झाल्या आणि दोघी परदेशी सहलीला निघाल्या. छोटीला राजवाडे बघायचे होते. कॅलेंडरवरच्या सोन्याच्या कळसांचं चित्र तिनं कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. एका टूर कंपनीबरोबर नाव नोंदवलं. टूरचा म्होरक्या डोक्यावर पांढरी टोपी आणि हातात लाल झेंडा घेऊन पुढे चालायचा, म्हणून त्याला सगळे कॅप्टन म्हणत.

त्या सकाळी हॉटेलच्या खोलीत जे झालं त्याची मुळं घरी होती. कारखान्याशेजारी एक घड्याळं दुरुस्त करणारे गृहस्थ बसतात. तेही बहिरे, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. दुपारच्या सुट्टीत छोटी आणि ते समोरासमोर बसून डबा खात. बाकीचे लोक म्हणायचे, यांचं जेवण थंड होतं, कारण हात मोकळे नसतात. एका रविवारी घड्याळवाले नवा शर्ट घालून सिस्टरांकडे आले. छोटी तेव्हा बाजारात गेली होती. ते कशाला आले हे सिस्टरांनी दारातच ओळखलं. घड्याळवाल्यांना ओठांवरचं वाचता येतं, म्हणून सिस्टर अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, ‘‘तिची इच्छा नाही. पुन्हा येऊ नका.’’ त्यांनी मान हलवली आणि गेले. छोटी घरी आली तेव्हा सिस्टर भाजी निवडत होत्या. कोण आलं होतं हे त्यांनी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून घड्याळवाले दुपारचा डबा आतल्या बाजूला बसून खायला लागले. आपलं काय चुकलं, हे छोटीला कळेना. आणि मग सहलीत, हॉटेलच्या त्या खोलीत, सिस्टर आंघोळीला गेलेल्या असताना तिनं धीर करून घड्याळवाल्यांना व्हिडिओ फोन लावला आणि सरळ विचारलं.

सिस्टर टॉवेल गुंडाळून बाहेर आल्या तेव्हा छोटीचे हात भरभर चालले होते. सिस्टरांना पाहताच तिनं फोन गादीवर पालथा टाकला. ‘‘कोण होतं?’’ त्यांनी खुणेनं विचारलं.

तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले. छोटी गप्प बसते म्हणजे हे असं. नाश्त्याला तिचे हात फक्त कपाला लागले. बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली, आणि सिस्टर तिच्या मानेकडे बघत राहिल्या. राजवाड्याच्या फाटकाशी उतरल्यावर त्यांनी सवयीनं तिचं मनगट धरलं. छोटीनं ते सोडवून घेतलं.

त्यामुळे देवळात तिची जागा रिकामी दिसली तेव्हा ती गर्दीत चुकली असेल असं सिस्टरांना क्षणभरही वाटलं नाही. ती निघून गेली होती.

त्या तशाच बाहेर आल्या. देवळाबाहेर चपलांची मोठी मांडणी होती. छोटीचे सँडल त्यांच्या बुटांशेजारी ठेवले होते, ते तिथं नव्हते. सिस्टरांनी स्वतःचे बूट घालायचीही वाट पाहिली नाही. समोरचं आवार उन्हानं पेटलं होतं. काचांच्या बारीक तुकड्यांनी मढवलेले खांब, सोन्याचे मनोरे, प्रत्येक दाराशी दात विचकून उभे असलेले उंच राक्षसी द्वारपाल, आणि त्यांच्या पायाशी फोटो काढणारी शेकडो माणसं. सगळं नुसतं चमकत होतं. छोटी या चमकण्यासाठी एवढ्या लांब आली होती, आणि सिस्टरांना ते सगळं डोळ्यांत खुपत होतं.

कॅप्टन एका सावलीत मंडळींना पाणी वाटत होता. ‘‘छोटी दिसेना,’’ सिस्टर म्हणाल्या. आवाज वॉर्डातला, सपाट ठेवला होता.

‘‘इथंच असतील कुठंतरी, सिस्टर. राजवाड्याच्या दालनात बघितलंत?’’

‘‘तुमचा फोन द्या.’’ सिस्टरांच्या फोनला बाहेर नेटवर्क नव्हतं. नवं सिम छोटीच्या फोनमध्ये घातलं होतं.

कॅप्टनच्या फोनवरून त्यांनी लिहिलं, कुठे आहेस. दोन खुणा उमटल्या, मग निळ्या झाल्या. म्हणजे तिनं वाचलं. उत्तर नाही. त्यांनी लिहिलं, ताबडतोब ये, सगळे खोळंबलेत. निळ्या. उत्तर नाही. मग त्यांनी तिसरा मेसेज लिहिला, ज्याबद्दल त्या मला सांगणारच नव्हत्या, छोटीनं दाखवला म्हणून कळलं. तुझा पासपोर्ट माझ्याकडे आहे. जाणार कुठे तू.

तोही वाचला गेला. चौथ्या मेसेजला मात्र एकच खूण आली आणि तिथंच थांबली. छोटीनं फोन बंद केला होता.

कॅप्टन मानेमागून वाचत होता. त्यानं फोन परत घेतला आणि हळू आवाजात विचारलं, ‘‘काही भांडण झालंय का?’’

‘‘ती कधी भांडत नाही,’’ सिस्टर म्हणाल्या.

राजवाड्यामागे नदी होती. तटावरून ती दिसायची, रुंद, मातकट, नावांनी भरलेली. पलीकडच्या काठावर दुसरं एक बुद्धमंदिर होतं. त्याचा मनोरा पायऱ्यापायऱ्यांनी आकाशात गेलेला, आणि त्या पायऱ्या शिडीसारख्या उभ्या. टूरमधली सगळी मंडळी त्या दिवशी दुपारी नावेनं तिकडं जायची होती. सिस्टर नदीकडे बघत राहिल्या. इस्पितळात त्यांनी नदीतून काढून आणलेली माणसं पाहिली होती. तो विचार त्यांनी झटकला, पण तो माशीसारखा परत परत येऊन बसायला लागला.

‘‘तुम्ही इथून हलू नका,’’ कॅप्टन म्हणाला. ‘‘मी चौकीवर सांगून येतो. मंडळी धक्क्यावर जातील, मी तुम्हाला घ्यायला येतो.’’

सिस्टर हलल्या नाहीत. पण किती वेळ न हलणार? कॅप्टनची पाठ फिरून थोडा वेळ गेला आणि दूरच्या एका कमानीतून निळं काहीतरी बाहेर पडलं. त्या धावल्या. राजाच्या दरबाराच्या दालनासमोरून, झाडांच्या कुंड्यांमधून, पाय पोळत, लोकांना कोपरानं बाजूला सारत कमानीतून बाहेर पडल्या. निळा कुर्ता एका परक्याच बाईचा होता. तिनं वळून बघितलं, हसली आणि रिक्षात बसून गेली.

सिस्टर परत आत जायला वळल्या, तर पहारेकऱ्यानं हात आडवा केला. तो दरवाजा फक्त बाहेर जायचा होता. त्यांनी तिकीट शोधलं, तिकीट कॅप्टनकडे. त्यांनी ‘टूर’ म्हणून सांगितलं, त्यानं भिंतीच्या कडेनं लांबवर बोट दाखवलं. त्या भिंतीच्या कडेनं चालू लागल्या. भिंत पांढरी, उंच, संपता संपेना. तिच्या वर आतले सोन्याचे कळस दिसत होते, पण दरवाजा काही येत नव्हता. एका चौकात भिंत वळली, रस्ता दुसरीकडे गेला, आणि मग सिस्टरांना कळलं की आता छोटी नाही, आपण हरवलो आहोत. पायात बूट नाहीत, फोन चालत नाही, हॉटेलचं नावही उच्चारता येत नाही. पर्समध्ये दोन पासपोर्ट होते, तेवढेच.

चौकातल्या छत्रीखाली एक महिला पोलीस उभी होती. सिस्टर तिच्याकडे गेल्या. इस्पितळातलं जेवढं इंग्रजी येत होतं तेवढं त्यांनी वापरलं. सिस्टर, लॉस्ट, नो हिअर. पोलिसाच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मग सिस्टरांनी हात वापरले. कानाला बोट लावलं आणि नाही म्हणून हलवलं. ओठांना लावलं, नाही म्हणून हलवलं. मग आजूबाजूला शोधत असल्यासारखं केलं.

पोलिसाचा चेहरा एकदम मऊ झाला. तिनं सिस्टरांच्या अनवाणी पायांकडे पाहिलं, विसकटलेल्या अंबाड्याकडे पाहिलं, आणि तिला सगळं समजलं. ही म्हातारी बहिरी आहे, तिला धड बोलताही येत नाही, आणि ती हरवली आहे.

‘‘मी नाही हो,’’ सिस्टर मराठीत म्हणाल्या. ‘‘माझी बहीण. माझी बहीण बहिरी आहे.’’

पोलिसानं तोंड मोठं करून, ओठ ताणून, तिथल्या भाषेत सावकाश काहीतरी सांगितलं. मग दंडाला धरून त्यांना चौकीच्या बाकावर बसवलं. पाण्याची बाटली उघडून हातात दिली, जणू सिस्टरांना झाकण उघडता येत नाही. दुसरा पोलीस आला. दोघं सिस्टरांच्या डोक्यावरून बोलायला लागले. त्यांच्याबद्दलच बोलत होते, हे दिसत होतं. मधेच एकानं त्यांची पर्स हलकेच घेतली, आतून पासपोर्ट काढले, चाळले, फोनवर कुणाला तरी आकडे वाचून दाखवले. सिस्टर उठल्या. पोलिसानं खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं. त्या पुन्हा उठल्या, पुन्हा तोच हात. तो हात अजिबात कठोर नव्हता, अगदी मायेचा होता.

‘‘माझं ऐकून तरी घ्या,’’ सिस्टर म्हणाल्या.

पोलीस हसली आणि तिनं त्यांच्या पाठीवर थोपटलं.

सिस्टर मला म्हणाल्या, ‘‘आयुष्यात एवढा राग मला कधी आला नव्हता. आणि ती बाई चांगलीच वागत होती गं. त्याचाच राग येत होता. आणि मग मला आठवलं, असा खांदा मी रोज दाबते.’’

त्या बाकावर त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पोलिसानं कागदी रुमाल दिला.

इकडे छोटीचं काय झालं ते छोटीच्याच हातांनी सांगते. ती पळून जाणार नव्हती. तिला फक्त ताईच्या नजरेबाहेर थोडा वेळ हवा होता. सँडल घालून ती फाटकातून बाहेर पडली, धक्क्यावर गेली आणि पलीकडच्या मनोऱ्याकडे बोट दाखवलं. तिकीटवालीनं हातांनीच भाडं सांगितलं, हातांनीच नाव दाखवली. ‘‘तिथं सगळेच माझ्यासारखे बोलत होते,’’ छोटी म्हणाली. नावेत असताना पहिले दोन मेसेज आले. त्यांना उत्तर द्यावं असं तिला वाटत होतं. तिसरा वाचला आणि तिनं फोन बंद केला.

मग ती त्या उभ्या पायऱ्या चढली. मनोऱ्यावर चिनी मातीच्या फुटक्या बशांची फुलं बसवलेली होती. ती त्यांवरून बोटं फिरवत गेली, काचेची कड तपासावी तशी. वर कठड्याला हात लावला तर तो गुणगुणत होता. खाली कुणीतरी मोठी घंटा वाजवत होतं. तिथं उभी राहून ती खूप रडली आणि नदीपलीकडचा राजवाडा तिनं पोटभर बघून घेतला. नावेची वेळ तिला माहीत होती. मंडळींच्या आधीच ती उतरून धक्क्यावर परत आली आणि वाट बघत उभी राहिली.

कॅप्टन आला तो घामानं निथळत. छोटीला बघून त्यानं डोक्याला हात लावला आणि फोनवर लिहून दाखवलं, तुमची ताई हरवली आहे.

छोटीला आधी हसू आलं. मग त्यानं दुसरा हात पुढे केला. त्यात सिस्टरांचे बूट होते. ते बघून छोटीचं हसू मावळलं. ताई रक्तानं माखलेल्या फरशीवरूनही बुटांशिवाय गेली नसती.

तिनं कॅप्टनच्या मागे जायला नकार दिला. तो चौकीवर फोन लावत बसला आणि ती बूट घेऊन राजवाड्याच्या भिंतीच्या कडेनं निघाली. भेटेल त्याच्यासमोर उभं राहून तिनं ताई करून दाखवली. अंबाडा, नाकावर उतरलेला चष्मा, छातीशी घट्ट धरलेली पर्स, ताठ मान, आणि पाय पोळल्यावर टाकलेली पावलं. फळवाला हसला आणि त्यानं बोट दाखवलं. पुढे एका झाडूवालीनं दाखवलं. चौकात छत्री दिसली, बाक दिसला.

सिस्टरांनी तिला येताना पाहिलं आणि त्या उठल्या. पोलिसाचा हात खांद्यावर आला. छोटीनं पुढे होऊन तो हात धरला, बाजूला केला आणि पोलिसाकडे बघून स्वतःच्या कानाला बोट लावलं. मी. मग सिस्टरांकडे दाखवून मान हलवली. ही नाही. पोलीस दोघींकडे आळीपाळीनं बघत राहिली.

‘‘कुठं गेली होतीस?’’ सिस्टरांनी खुणेनं विचारलं.

‘‘देऊळ बघायला.’’

‘‘मला वाटलं, नदीत—’’

‘‘घड्याळवाले घरी आले होते,’’ छोटीनं हातांनीच त्यांना मधे अडवलं. ‘‘तू त्यांना काय सांगितलंस?’’

भर चौकात, माणसं बघत असताना, सिस्टरांना ते हातांनी सांगावं लागलं. तोंडानं खोटं बोलणं सोपं होतं, त्या म्हणतात, हातांना तशी सवय नव्हती. ‘‘तुझी इच्छा नाही, असं मी म्हणाले.’’

‘‘मला विचारलंस?’’

‘‘नाही.’’

‘‘का?’’

सिस्टरांनी बरीच कारणं मांडायला घेतली. त्यांचं वय, त्यांचं दुकान, दोघं बहिरे, रात्रीबेरात्री दारावर कुणी आलं तर. छोटी बघत राहिली. शेवटी सिस्टरांचे हात थांबले आणि मग सावकाश म्हणाले, ‘‘मी एकटी काय करू?’’

छोटीनं कॅप्टनकडून आणलेले बूट खाली ठेवले. सिस्टरांनी वाकून ते घातले, तळव्यांना फोड आले होते. मग छोटीनं हात पुढे केला. ‘‘माझा पासपोर्ट.’’

पासपोर्ट पोलिसाच्या टेबलावर होते. पोलिसानं दोन्ही उचलून सिस्टरांना दिले, मोठ्या त्याच म्हणून. सिस्टर दोन्ही हातात धरून उभ्या राहिल्या. छोटी सांगते, तेव्हा तिला वाटलं होतं, ताई देणार नाही, पुन्हा पर्सची चेन लावेल. चेन अर्धी उघडलेलीही होती. पण सिस्टरांनी वरचा उघडून फोटो बघितला, तो स्वतःचा होता, आणि खालचा काढून छोटीच्या हातावर ठेवला.

त्या दिवशी समेट झाला असं काही नाही. उरलेली सहल दोघी एकमेकींशी मोजकंच बोलल्या. आणखी एक राजवाडा झाला, आणखी देवळं झाली. छोटी पुढे कॅप्टनच्या झेंड्याशेजारी चालायची, सिस्टर मागे लंगडत. विमानतळावर अधिकाऱ्यानं छोटीला काहीतरी विचारलं आणि सिस्टरांचं तोंड उघडलं. छोटीनं नुसतं वळून पाहिलं. तोंड मिटलं.

घरी आल्यावर सिस्टर स्वतः घड्याळांच्या दुकानात गेल्या. काचेच्या काउंटरपलीकडे घड्याळवाले डोळ्याला भिंग लावून बसले होते. ‘‘मी तुम्हाला खोटं सांगितलं,’’ त्या सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या. त्यांनी भिंग काढलं, मान हलवली आणि बसायला स्टूल पुढे केलं. दोघांनी चहा घेतला, फार बोलणं झालं नाही.

छोटीनं लगेच लग्न केलं नाही. मला कळायचंय मला काय हवंय, म्हणाली, आणि सिस्टरांची त्या दिवसांत झोप उडाली होती. पुढच्या वर्षी तिनं होकार दिला. आता दोघं दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहतात. दारावर कुणी आलं की आत दिवा लागतो, तशी सोय त्यांनी करून घेतली आहे. छोटीनं सिस्टरांना पुरतं माफ केलं आहे का, हे मी तिला एकदा विचारलं. ती म्हणाली, काही दिवशी करते, काही दिवशी नाही.

आणि सिस्टर? घरात लहानपणापासून ज्या खुणा चालत होत्या त्या घरच्या घरी बनलेल्या आणि बहुतेक जेवण, औषध, ये, थांब अशाच होत्या. छोटी आणि तिचा नवरा बोलायला लागले की सिस्टरांना त्यातलं निम्मंही कळत नाही. म्हणून त्या बहिऱ्यांच्या शाळेत संध्याकाळच्या वर्गाला जातात. शिकवणारी मुलगी त्यांची नात शोभेल एवढी आहे, आणि तिचं म्हणणं असं की सिस्टरांची बोटं फार ताठ आहेत, समोरच्याला दटावल्यासारखं वाटतं. परवा मी दारावरून जाताना बघितलं, सिस्टर आरशासमोर उभ्या राहून एकच वाक्य पुन्हा पुन्हा करत होत्या. मी खिडकीच्या काचेवर टकटक केली आणि विचारलं, काय म्हणताय?

‘‘तुला काय वाटतं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘एवढंच. पण ते प्रश्नासारखं येत नाहीये अजून.’’